वाकेशोबाईंच्या बाकावरचा माइक

मित्रांनो, नैरोबीच्या संसदेत मागच्या रांगेत, खांबाला लागून असलेल्या बाकावर एक वाकड्या मानेचा माइक होता, तो मी. आता तिथे नवा आला आहे आणि मी कोठारातल्या खोक्यात पडून आहे. खोक्यात वेळ भरपूर मिळतो, म्हणून माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जहाजाने मोम्बासाला उतरलो, तिथून मालट्रकने नैरोबीला आलो. माझं काम सोपं होतं. सभासद बटण दाबून बोलण्याची परवानगी मागतो, अध्यक्ष त्याचं नाव पुकारतात, माझ्या गळ्याभोवतीचा लाल दिवा लागतो, आणि तो जे बोलेल ते मी सभागृहाला ऐकवतो. बोलणं खरं की पोकळ, हे ठरवणं माझ्याकडे नव्हतं. पण रोज ऐकल्यावर मत होतंच.

पहिली काही वर्षं माझ्यापुढे मेशिमिवा ओंदिएकी बसत. इथे प्रत्येक खासदाराला मेशिमिवा म्हणजे माननीय म्हणतात, मग मान असो वा नसो. कोण किती वेळा बोललं याचा तक्ता दरवर्षी एक वर्तमानपत्र छापायचं, आणि ओंदिएकीसाहेबांचा सगळा जीव त्या तक्त्यात. विषय रस्त्याचा असो, मासेमारीचा असो, नाहीतर शाळेच्या गणवेशाचा. ते उठत, माझ्या डोक्यावर बोटाने टकटक करत, "मीही पाठिंबा देतो" म्हणत आणि चहा आणि तळलेल्या गोड मंदाझीकडे वळत. एकदा त्यांनी ज्या विधेयकाला पाठिंबा दिला ते आदल्या दिवशीच मागे घेतलेलं होतं. तक्त्यात तेही धरलं गेलं. त्यांचं कौतुक होई, आणि त्यांच्यामुळे माझंही. त्यांच्या टकटकीने माझी मान मात्र सैल झाली. पुढे ते पक्षाचे प्रतोद झाले आणि पहिल्या रांगेत गेले.

त्यांच्या जागी वाकेशो म्वांबी आल्या. तैता डोंगरांकडच्या, पूर्वी दवाखान्यात परिचारिका. त्या क्वचितच बोलत. तक्त्यात त्यांचं नाव खालून शोधावं लागे. मतदारसंघात त्यांना काही लोक मुकी म्हणू लागले होते, असं त्यांनीच एकदा शेजारच्या सभासदाला हसून सांगितलं. पण त्या वेळी त्यांचा हात माझ्या बुडाशी घट्ट दाबलेला होता.

ओंदिएकीसाहेब येता-जाता थांबत. "काय वाकेशोताई, माइकची भवानी झाली का नाही अजून?"

"तुमच्यासारखं माझं दुकान चोवीस तास उघडं नसतं, साहेब. माल आला की उघडीन."

आणि माल आला. वन्यप्राण्यांच्या नुकसानभरपाईचं विधेयक मांडलं गेलं. वाकेशोबाईंच्या भागात अभयारण्यातले हत्ती शेतात उतरतात. भरपाई मिळायची, पण पंचनामा करायला शहरातून अधिकारी यावा लागे. तो येईपर्यंत शेत दुसऱ्यांदा नांगरलेलं असे, आणि साहेब विचारत, इथे मका होता कशावरून? बाईंनी विधेयकाला दुरुस्ती सुचवली: पंचनामा गावातच, गावच्या चीफने म्हणजे सरकारी पाटलाने करावा आणि दोन महिन्यांत निकाल लागावा.

इथे नियम असा, की कलमाची पाळी आली की ज्याची दुरुस्ती त्याने स्वतः उभं राहून ती मांडायची. नाही मांडली तर ती पडली; कुणी चर्चासुद्धा करत नाही. म्हणून सभागृह रिकामं असताना बाई सकाळी लवकर येत आणि इंग्रजीत कागद वाचून सराव करत, कारण विधेयक इंग्रजीत होतं. उजव्या हातात कागद, डाव्या हातात माझी मान. सोडली की मी खाली कलायचो.

तो दिवस उजाडला. गॅलरीत त्यांच्या भागातली माणसं येऊन बसली होती. पुढच्या रांगेत वावुदा आजी होत्या. त्यांचं शेत हत्तींनी दोनदा साफ केलं होतं. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता.

नाव पुकारलं गेलं. माझा दिवा लागला. वाकेशोबाई उठल्या, मान वर केली, आजींशी नजर भिडली आणि तोंडातून निघून गेलं, "शिकामू, आजी!" तिकडे वडीलधारं माणूस दिसलं आणि नमस्काराचा हा शब्द आला नाही, असं होतच नाही. आजींनीही वरून मोठ्याने आशीर्वाद दिला. सभागृह हसलं.

ओंदिएकीसाहेब ताडकन उठले. "अध्यक्ष महोदय, हरकत! ज्या भाषेत सुरुवात त्याच भाषेत शेवट, असा नियम आहे. मेशिमिवांनी स्वाहिलीत सुरुवात केलीय. आता तो इंग्रजी कागद बाजूला ठेवावा."

अध्यक्षांनाही हसू आलं होतं. "हरकत बरोबर आहे. आणि मेशिमिवा, गॅलरीशी नाही, माझ्याशी बोलायचं. स्वाहिलीत बोला, नाहीतर खाली बसा."

बसल्या असत्या तर दुरुस्ती तिथेच संपली असती. इतक्या दिवसांची तयारी त्या कागदावर होती. बाईंनी तो बाकावर पालथा ठेवला.

"अध्यक्ष महोदय, ही दुरुस्ती मी मांडते. हत्ती येऊन जातो. सकाळी बाई शेतात जाते, तर मका नाही. ती चीफकडे जाते. चीफ म्हणतो, साहेब शहरातून येतील. साहेब येतात तेव्हा तिने तिथे चवळी पेरलेली असते. न पेरून काय करणार? पोरांना ताटात अर्ज वाढणार? साहेब विचारतात, मका कुठाय. आता ते हत्तीलाच विचारायला हवं! मी एवढंच मागते, पंचनामा गावात व्हावा, चीफने करावा, आणि दोन महिन्यांत काय ते सांगून टाकावं. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण सांगा."

फोनमध्ये घातलेली डोकी एकेक करून वर आली. हत्तींच्या शेजारी राहणाऱ्या इतर भागांतल्या सभासदांनी बाकं वाजवली. कागद इंग्रजीत वाचला असता तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. पण तो आधी वाचून आलेले फार थोडे होते, एवढं मला ठाऊक आहे. आवाजी मतदानात होकार मोठा निघाला. ओंदिएकीसाहेबांचा आवाज कुठल्या बाजूला होता ते मी ऐकलं, पण चुगली माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी गावच्या मंडळींना रिकामं सभागृह दाखवायला आणलं. वावुदा आजींनी मला बोटाने हलवून पाहिलं. "यातून बोललीस होय? मान बघ कशी लटकलीय. याचं औषधपाणी कुणी करत नाही वाटतं?" इतक्या वर्षांत माझी चौकशी करणारं हे पहिलं माणूस.

मग त्या बाकावर बसल्या. "बरं, आता चीफ पंचनाम्याला कधीपासून येणार?"

"अजून पुढचं वाचन व्हायचंय, आजी. मग राष्ट्रपतींची सही, मग कायदा."

"वाचन, सही, कायदा, मग चीफ. तोवर थांब म्हणून हत्तीला निरोप धाडलायस का?"

वाकेशोबाई हसल्या. "माझं इथलं बोलून झालं, आजी. पुढचं सरकारच्या हातात."

"तुझं कसं झालं? आम्ही गावात सांगणार ते तुझं नाव. काम अडलं तर लोक राष्ट्रपतींकडे नाही जायचे. त्यांना ते दार कुठाय तेच ठाऊक नाही. तुझं ठाऊकाय."

बाईंनी मान हलवली. "या. मी असेन."

मित्रांनो, माइकला कोरड्या फडक्याने पुसावं, त्याची मान पिरगाळू नये, डोक्यावर टकटक तर मुळीच करू नये, ही माझी विनंती आहेच. पण तुम्ही कधी त्याच्यासमोर उभे राहाल, तेव्हा आणखी एक ध्यानात असू द्या. ऐकणाऱ्यांत असं एखादं माणूस नक्की असतं, ज्याला तुमचं दार ठाऊक असतं, आणि काम अडलं की ते तिथेच येतं.