मॅनहोलवरची बाई

तिचं काम साधं होतं. जहाजाच्या पोटात उतरायच्या मॅनहोलपाशी बसायचं, आत कोण गेलं ते फळ्यावर लिहायचं, आणि आतली हवा मीटरनं तपासल्याशिवाय कुणाला खाली सोडायचं नाही. गोदीत सगळे तिला मावशी म्हणत. नवरा वारल्यावर तिनं हे काम धरलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिच्या डोळ्यांदेखत पत्र्याला पत्रा जोडत एक अख्खं विमानवाहू जहाज उभं राहिलं. देशाची आधीची सगळी बाहेरून विकत आणलेली. हे पहिलंच घरचं.

खाली उतरणाऱ्या वेल्डरांमध्ये दोघे सख्खे भाऊ होते. धाकटा तिचा जावई. स्थळ थोरल्यानंच आणलं होतं. "मावशी, पोरगा तापट आहे, पण माझ्या शब्दाबाहेर नाही," असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते खरंही होतं. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानं शाळा सोडून धाकट्याला वाढवलं होतं.

त्या दिवशी दोन दिवसांच्या सुट्टीनंतर काम सुरू झालं होतं. विमान डेकवर उतरलं की त्याला तारेनं अडवून धरायचं, त्या तारेची यंत्रं बसवायची खोली तयार होत आली होती. तिच्याखालच्या अरुंद पोकळीत थोडं वेल्डिंग उरलं होतं. तीन दिवसांनी नौदलाचे अधिकारी बघायला यायचे होते, म्हणून सुपरवायझर सकाळपासून सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता.

मावशी मीटर चालू करत होती. तेवढ्यात थोरल्यानं मॅनहोलच्या भोकात पाय सोडले.

"थांबा, मीटर खाली जाऊ द्या," ती म्हणाली.

"शुक्रवारी मीच होतो ना तिथे. पाना राहिलाय, तेवढा घेऊन येतो. तुमच्या मीटरचा चहा पिऊन होईपर्यंत मी वर!"

ती हसली. तो उतरला.

शिडीला आठ पायऱ्या होत्या. सहावीवर त्याचे हात सुटले. ओरडला नाही, काही नाही. खालच्या लोखंडी पट्टीवर डोकं आपटल्याचा आवाज तेवढा वर आला.

तिनं दोरीनं मीटर खाली सोडला. मीटर किंचाळायला लागला. वेल्डिंगच्या आर्गॉन वायूचा नळ कुणीतरी तसाच उघडा टाकून सुट्टीवर गेलं होतं. त्या वायूला ना वास ना रंग. हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाणी भरावं तसा तो तळापासून भरला होता. खाली प्राणवायू चार टक्के. एक-दोन श्वासांत माणूस आडवा.

तिनं भोंग्याचं बटण दाबलं. हवेची नळकांडी पाठीवर लावून येणारी सुटकेची टोळी चार मिनिटांवर होती.

शेजारच्या खोलीतून जावई धावत आला. "दादा!" म्हणत त्यानं एक पाय भोकात टाकला. तिनं मागून त्याची कॉलर पकडली.

"खाली हवा नाही! टोळी येतेय!"

"सोडा आई, सोडा म्हणतो ना!"

त्याचं कोपर तिच्या नाकावर बसलं. तोंडभर रक्त आलं. तिची पकड सुटली, तशी ती परत झेपावली. त्यानं तिला लाथेनं उडवलं आणि तो वाकला. पडल्या जागी तिच्या हाताला एक लांब पाना लागला. त्याचा गुडघा भोकाच्या काठावर होता. तिनं दोन्ही हातांनी पाना उचलून त्यावर हाणला. हाड मोडल्याचं तिला हातांत कळलं. तो किंचाळला, तरी हातांवर सरकत डोकं आत घालू लागला. तिनं पुन्हा हाणला, त्याच गुडघ्यावर. मग केसांना धरून त्याला मागे ओढलं आणि त्याच्या छातीवर बसली.

"अरे, मरशील रे!" ती ओरडली. जावयाला तिनं अरेतुरे केलं ते त्या दिवशीच.

त्यानं तिचा दंड चावला, मांस तुटेपर्यंत. ती हलली नाही. बसल्या जागेवरून तिला खाली बॅटरीचा उजेड दिसत होता. त्या उजेडात थोरल्याची बोटं पत्र्यावर खरवडत होती. थोड्या वेळानं थांबली.

आधी पोचले ते आसपासचे कामगार. त्यांना दिसली ती पाना घेऊन माणसाच्या छातीवर बसलेली बाई. कुणीतरी काही न विचारता तिच्या बरगड्यांत लाथ घातली.

टोळीनं थोरल्याला वर काढलं, तेव्हा तो गेलेला होता.

चौकशी झाली. सुपरवायझर निलंबित झाला. जावयाला अडवलं हे तिनं योग्य केलं, असं कागदावर आलं.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, जावई कुबड्यांवर तिच्या खोलीत आला. मुलगी आईसाठी पोळ्या करत होती.

"एकच विचारायचंय. तुम्ही मला धरलंत, तेव्हा दादा जिवंत होता?"

खोटं बोलायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

"होता. बोटं हलत होती."

कुबडी तिच्या जबड्यावर आली. दोन दात जमिनीवर पडले. दुसरा फटका खांद्यावर. तो तिसऱ्यांदा कुबडी उचलत असताना मुलीनं तापलेला तवा त्याच्या दंडावर दाबला. कातडी चरचरली. तो भिंतीला घसरत खाली बसला.

"आईनं धरलं नसतं तर तुम्ही दोघं गेला असता," मुलगी म्हणाली. "आणि तिलाच मारता?"

"मग दादाला कुणी धरायचं होतं?"

तव्यावरून शेगडीवर पडलेली पोळी करपत होती. मावशीनं तोंडातलं रक्त पदराला पुसलं. जबडा हलत नव्हता, तरी ती बोलली.

"मी. त्याची कॉलर माझ्या हाताशी होती. त्यानं थट्टा केली आणि मी हसले."

हे तिनं चौकशीत सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते लिहून दिलं. दोन महिने तिला बिनपगारी घरी बसवलं.

मुलगी चार महिने आईकडे राहिली, मग आपणहून नवऱ्याकडे परतली. "परत हात उचलला तर मी येईन, आणि मग जाणार नाही," एवढंच म्हणाली. त्यानं उचलला नाही. गुडघा कायमचा ताठ झाला, त्यामुळे वेल्डिंग सुटलं. गोदीच्या हत्यारांच्या खोलीत त्याला काम मिळालं. सासूशी तो बोलत नसे.

जहाज समुद्रात गेलं. पहिलं विमान डेकवर उतरलं, त्याची चित्रफीत कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवली. विमान आदळलं, मागच्या आकड्यात तार अडकली आणि ते धापकन जागीच थांबलं. माणसं टेबलांवर चढून ओरडली. मावशी दाराशी उभी होती. जावई पुढच्या बाकावर ताठ पाय पसरून बसला होता, तोंड हातांत घालून. शेजारी बसलेल्या मुलीनं मागे वळून आईकडे पाहिलं, पण तिला बोलावलं नाही.

मावशी बाहेर पडली. दुसऱ्या जहाजाचे पत्रे लागायला लागले होते आणि तिची पाळी सुरू झाली होती.