डावा पाय की उजवा

आयुष्यभर बापाचं नाव निघालं की अण्णा भरल्या ताटावरून उठायचे. आणि आता नव्वदी डोक्यावर आल्यावर लेकीला म्हणे, माझ्या बापाचे फौजेतले कागद शोधून आण. बयो चकितच झाली. कशासाठी, म्हणून विचारलं, तेव्हा कुठे म्हातारबुवा मोकळे झाले.

लहानपणी त्यांना शिकायला दूरच्या मामाकडे पाठवलं होतं. लढाईवरून परतलेला बाप मोटारीपर्यंत सोडायला आला, ट्रंक चढवली, डोक्यावरून हात फिरवला आणि वळून चालायला लागला. मोटार हलली तसं पोरानं बेंबीच्या देठापासून हाक मारली. एकदा नव्हे, घसा बसेपर्यंत. बापानं मान वळवली नाही. तेव्हापासून अण्णांनी बापाशी कामापुरतं बोलणं ठेवलं, ते थेट तो मरेपर्यंत.

"लढाईत माणसाचं काळीज मरतं म्हणतात," अण्णा म्हणाले. "तसं काही लिहिलंय का बघ. नाहीतर मीच त्यांना नकोसा होतो, असं धरून चालतो."

बयो बसमध्ये कंडक्टर. अख्ख्या गावाच्या सुट्ट्या पैशांची कटकट झेलणारी बाई, पण फौजी पेन्शनच्या कचेरीत तिची बोलती बंद झाली. तिथल्या फायली नावावर लावलेल्या नाहीत, दुखापतीवर लावलेल्या. हातवाल्यांचं कपाट वेगळं, पायवाल्यांचं वेगळं. आता ही अक्कल कुणी काढली देव जाणे! कारकुनानं विचारलं, काय गेलं होतं? बयो म्हणाली, पाय. आजोबा लंगडत होते, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुठला पाय? तिनं घरी फोन लावला. अण्णा म्हणाले डावा. आत्यालाही त्याच फोनवर जोडून घेतलं, तर ती म्हणाली उजवा, आणि तुझ्या बापाला डावं-उजवं कधी कळलंय? मग दोघा म्हाताऱ्या भावंडांची फोनवरच जुंपली. कारकून बिचारा पेन धरून बसून राहिला.

दोन्ही पायांची कपाटं उपसून झाली. आजोबा कुठेच नाहीत. शेवटी कारकुनाला दया आली आणि त्यानं बाकीची कपाटंही उघडली. फाइल सापडली ती कानवाल्यांत. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: तोफेच्या स्फोटानं दोन्ही कान निकामी, सुधारणेची आशा नाही. बाकी शरीर शाबूत. पायांबद्दल चकार शब्द नाही.

ही फाइल आपली नव्हेच, असं बयोनं ठणकावून सांगितलं. कारकुनालाही तसंच वाटलं. पण नाव आजोबांचं, बायको म्हणून आजीचं नाव, मुलं दोन, त्यांचीही नावं बरोबर. तिचं डोकं भणाणून गेलं. बहिरा माणूस लंगडेल कशाला? आणि लंगडत होता, तर पाय धड कसे? नक्कल घेऊन ती तडक आत्याकडे गेली. आत्या आजोबांबरोबर कापडाच्या गिरणीत एकाच खात्यात कामाला होती, त्यांना तिच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं.

आत्यानं कागद झटकूनच टाकला. बहिरे? रोज शेजारच्या मागावर उभी राहून मी त्यांच्याशी गप्पा मारायचे, म्हणाली. बयोनं विचारलं, त्या खडखडाटात ऐकू कसं जायचं? आत्या म्हणाली, ऐकतंय कोण? मागांच्या खात्यात सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलतात, आवाज काढतो तो नवखा. असं म्हणून तिनं बिनआवाजाचं एक वाक्य ओठांनी बोलूनही दाखवलं, आणि तशीच तोंड उघडं ठेवून थांबली.

मग तिला एकेक आठवायला लागलं. घरातही त्यांची शिस्त, समोर येऊन बोला. दिवा मालवला की गप्पा बंद. फौजी माणूस, कडकच असायचा, म्हणून कुणी जास्त विचार केला नव्हता. आणि बहिऱ्याला मागावर उभं कोण करणार? मागाचा आवाज बिघडला तर कळायचं कसं त्याला? म्हणून बहिरेपण लपवलं. पेन्शन कशाची, म्हणून लोक विचारणारच. तेव्हा त्यांनी पाय पुढे केला, कधी हा, कधी तो. आत्या हसता हसता रडायला लागली. "आईनंसुद्धा सांगितलं नाही गं आम्हाला," एवढंच म्हणाली.

बयोला मात्र घरी कधी पोचते असं झालं होतं. तिनं चप्पलही न काढता अण्णांना सगळं सांगितलं. नकोसे नव्हता तुम्ही. त्यांना ऐकूच आलं नाही.

अण्णांना आधी उमगेचना. कागद उलटा-सुलटा केला, पाय कुठे लिहिलाय म्हणून विचारलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. बयोनं सांगितलं. आता त्यांच्या मनावरचा दगड उतरेल म्हणून ती तोंडाकडे बघत राहिली. तर अण्णांचा चेहरा पार पडला.

"म्हणजे मी हाक मारल्याचं त्यांना माहीतच नाही," ते म्हणाले.

"नाही ना. तेच तर सांगतेय."

"पोरगं गेलं, सुट्टीत घरी आलं ते बोलेनासं होऊन. का, ते त्यांना कधी कळलंच नाही." अण्णांनी कागद मांडीवर ठेवला. "बयो, मी त्यांना नकोसा होतो की नाही, हे मी इतकी वर्षं विचारत बसलो. त्यांनी कुणाला विचारलं असेल गं?"