चाळीस जणींची फेरचाचणी

१९६७ सालच्या मे महिन्यात माझी थोरली बहीण अंबूताई सव्वीस महिन्यांची गरोदर होती. चूक माझी होती. मी टिपणीसबाईंच्या संशोधन केंद्रात मदतनीस होते आणि तिचा फॉर्म मीच भरला होता.

टिपणीसबाईंनी गृहिणींचं समाधान मोजणारी एक चाचणी तयार केली होती. साठ विधानं आणि प्रत्येकापुढे होय किंवा नाही. ‘मला दुपारी शांत झोप लागते.’ ‘पाहुणे आले की मला आनंद होतो.’ गावातल्या चाळीस बायकांनी ती एकदा सोडवायची, पंधरा दिवसांनी पुन्हा सोडवायची, आणि दोन्ही वेळा प्रत्येकीचे गुण तेच यायला हवेत. तेच आले तर चाचणी भरवशाची. एकीचाही एक गुण पहिल्या वेळेपेक्षा हलला तर पुन्हा पंधरा दिवसांनी सगळ्यांनी बसायचं.

“मधल्या काळात बाई बदलता कामा नये,” टिपणीसबाई म्हणाल्या होत्या. “बदलली तर फरक चाचणीचा की बाईचा, कळायचं कसं?”

म्हणून फॉर्मवर ‘परिस्थिती’ असा रकाना होता. त्यात जे लिहिलं ते फाईल बंद होईपर्यंत तसंच राहायचं. जुन्या मदतनिसांना हे ठाऊक होतं; त्या सगळीकडे ‘सामान्य’ लिहून मोकळ्या व्हायच्या. मी नवी, अक्षर चांगलं, आणि सविस्तर लिहायची भारी हौस. अंबूताईच्या रकान्यात मी लिहिलं, ‘गरोदर, नऊ महिने पूर्ण.’ हेर्लेकरवहिनींच्या, ‘सासूबाई अत्यवस्थ.’ गुळवणीबाईंच्या, ‘यजमान परगावी.’

तो डिसेंबर १९६५ होता. तेव्हापासून चौतीस फेऱ्या झाल्या. चाचणीच्या हॉलमध्ये डिसेंबरच राहिला होता. बाहेर गाव घामाने निथळत असे आणि आत बायका त्याच चाळीस खुर्च्यांवर, त्याच चाळीस साड्यांत कुडकुडत पेन्सिली धरत. साड्या विरून जाळीसारख्या झाल्या होत्या. हेर्लेकरवहिनींच्या सासूबाई सतरा महिने अत्यवस्थ राहून कंटाळल्या होत्या. डोळे न उघडता रोज सकाळी विचारायच्या, “झालं का गं तुमचं ते होय-नाही?”

ताईचं पोट वाढलं नव्हतं, पण बाळ आत नुसतं बसून राहिलं नव्हतं. दुपारी सगळं सामसूम झालं की पोटाला कान लावल्यावर पाढे ऐकू यायचे. मे महिन्यात ते तेराच्या पाढ्यावर आलं होतं आणि ‘तेरा सत्ते’पाशी अडखळायचं.

दहाव्या फेरीनंतर मी कपाट उघडून सगळ्यांची पहिली उत्तरं उतरवून घेतली होती आणि घरोघरी पाठ करायला दिली होती. तेव्हापासून एकोणचाळीस जणींचे गुण दर वेळी तेच येत. फक्त गुळवणीबाईंचे पहिल्यांदा तीस, आणि नंतर प्रत्येक फेरीत एकतीस.

मेच्या सुरुवातीला सुईणीने ताईला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. “आणखी एक फेरी झेपायची नाही तिला. श्वास पुरत नाही. आत एवढं मोठं पोर आहे, खेळ आहे का?”

मी टिपणीसबाईंकडे गेले.

“गुळवणीबाईंना वगळू या ना, बाई.”

“सोयीचे नमुने ठेवायचे आणि गैरसोयीचे काढायचे, याला संशोधन म्हणत नाहीत, कुंदा.”

“पण ह्या चाचणीनं समाधान मोजलं तरी जातं का?”

“ते पुढच्या प्रकल्पात. आधी काटा स्थिर होऊ दे.”

“ताईला एक्केचाळीस गुण आहेत. म्हणजे ‘बऱ्यापैकी समाधानी’. काल तिने भावोजींना पोळपाट फेकून मारला.”

“तसं विधान चाचणीत नाही,” टिपणीसबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

मग मी गुळवणीबाईंच्या घरी गेले. त्या झोपाळ्यावर मासिक वाचत होत्या.

“ये गं. चिवडा घे.”

“तुम्ही उत्तरं पाठ केली आहेत ना?”

“तोंडपाठ.”

“मग सदतिसावं विधान दर वेळी का चुकतं?”

“चुकत नाही, खरं लिहिते. ‘मला घरात एकटं राहायला आवडतं.’ पहिल्या वेळी ‘नाही’ लिहिलं, कारण तोवर एकटी राहिलेच नव्हते. हे त्याच सकाळी परगावी गेले होते.” त्यांनी पायाने झोका घेतला. “बारा वर्षांनी मनासारखी आमटी करतेय, कुंदे. गूळ घालून. ह्यांना चालत नाही.”

“ताई मरेल हो.”

झोपाळा थांबला.

“मग तूच ठरव,” त्या म्हणाल्या. “मला मात्र खोटं लिहायला सांगू नकोस. त्या हॉलमध्ये चाळीस जणी बसतात, त्यातली मी एकटीच विधान वाचते.”

पस्तिसाव्या फेरीला ताईला दोघींनी धरून खुर्चीवर बसवलं. तिचे ओठ निळे पडले होते. पेपर गोळा करताना मी गुळवणीबाईंचा पेपर वर घेतला, सदतिसाव्या विधानापुढचं ‘होय’ खोडलं आणि त्यांच्याच पेन्सिलीने ‘नाही’ लिहिलं. त्या समोरच उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, पण अडवायला हात पुढे केला नाही.

टिपणीसबाईंनी बेरजा केल्या, पुन्हा केल्या, आणि म्हणाल्या, “एक पूर्णांक शून्य शून्य. तंतोतंत जुळलं.” त्यांनी फाईल बंद केली. हॉलमध्ये एकदम उकडायला लागलं. बाहेर टांगा थांबला आणि कुणीतरी गुळवणीबाईंना नावाने हाक मारली. त्यांनी विरलेला पदर नीट केला आणि त्या गेल्या.

हेर्लेकरवहिनींच्या सासूबाई त्याच दुपारी “सुटले एकदाची” म्हणून गेल्या. टिपणीसबाईंची चाचणी छापली गेली आणि पुढे कित्येक वर्षं बारा जिल्ह्यांतल्या बायका तिच्याप्रमाणे बऱ्यापैकी समाधानी निघत राहिल्या. पुढचा प्रकल्प झालाच नाही. बाई निवृत्त होऊन बेळगावला भाचीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. गुळवणीबाईंनी आणखी बावीस वर्षं बिनगुळाची आमटी केली. रस्त्यात मी दिसले की त्या पलीकडच्या बाजूला जायच्या, आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही. मी ती नोकरी सोडून शाळेत लागले. भावोजी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे की तेव्हा गावात फार उन्हाळा होता.

ताईला त्याच टांग्यातून दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासात ती मोकळी झाली, आणि पुढे चांगली ब्याऐंशी वर्षांची होऊन गेली. त्या दिवशी नर्स बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

“मुलगी आहे,” ती म्हणाली. “तुमच्यापैकी आत कुणी आलं होतं का?”

“नाही. का?”

ती बाजूला झाली. मी आत गेले. ताईच्या कुशीत बाळ डोळे मिटून झोपलं होतं. त्याचे केस कमरेपर्यंत होते, मधोमध सरळ भांग पाडलेला, आणि पाठीवर तीन पेडांची घट्ट वेणी.

ताईने वेणी हातात घेतली आणि नाकाला लावली.

“वेणी घालूनच आली. माक्याचं तेल,” ती म्हणाली. “आपल्याकडे कुणी वापरत नाही.”