पांढरं दाखव

"आई, ह्यात कुणी राहत होतं का गं?" कॉम्प्युटरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण काढता काढता लेकीने विचारलं, आणि लागोपाठ दोनदा शिंकली.

आत धुळीची अशी मऊ गादी झाली होती की पंखा कुठे संपतो आणि धूळ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. एका कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटून मोडलाही होता.

"राहत होते की. तुझे बाबा," लाइटवाली म्हणाली. "तू आणि मी बाहेर, ते आत. जेवायला तेवढे यायचे."

लेक हसली. मग तिने खिडकीजवळच्या पलंगाकडे पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं. पलंगावर बाबा उशीला टेकून बसवलेले होते, म्हणजे जसे बसवावे तसे. नजर छताला.

लाइटवाली हे काही तिचं नाव नव्हे. नवरा लग्नाचं, वाढदिवसाचं, निवृत्तीच्या निरोपाचं शूटिंग करायचा आणि ती त्याच्या शेजारी तापलेला हॅलोजनचा दिवा उंच धरून उभी राहायची, म्हणून हॉलमधली माणसं तिला तशी हाक मारत. "ओ लाइटवाली, जरा सरका, नवरी दिसत नाही!" ती सरकायची. उभा जन्म सरकण्यात गेला. गावातल्या निम्म्या घरांत तिच्या उजेडातले चेहरे कपाटात जपून ठेवलेले होते आणि तिचा स्वतःचा म्हणावा असा एक तुकडा कुठे नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय उगाच?

नवऱ्याला तिने एकदा हे बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला होता, "लाइट धरणाऱ्याला कोण शूट करतं?" आणि डावा डोळा मिटून तिच्याकडे बघत राहिला होता. ही त्याची जुनी खोड. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावून लावून डावा मिटायची सवय झालेली. भाजी निवडताना, वीजबिल वाचताना, काही मनाजोगतं दिसलं की डावा डोळा आपोआप खाली. लग्न नवं होतं तेव्हा तिला वाटायचं, ह्या माणसाला आपण निम्म्याच आवडलोय.

मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. नजर होती, पण ती कुठे लागलेली असायची ते कळायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बोलत राहा, दाखवत राहा. किती पोचतं ते मात्र सांगता येणार नाही." आईने त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि लेकीने दुसरं. तेव्हापासून दर रविवारी दोघींचा तोच वाद.

"बाबा आपल्याला ओळखत नाहीत, आई. मान्य कर ना. तुलाच सोपं जाईल."

"ओळखतात."

"कशावरून?"

हा 'कशावरून' आला की लाइटवाली उठून चहाचं आधण ठेवायची.

आजचा रविवार मात्र लेकीने वेगळ्या कामाला लावला होता. ती म्हणे, भिंतीवरच्या टीव्हीवर नुसत्या जाहिराती बघून धडधाकट माणूस आजारी पडेल. त्यापेक्षा बाबांचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडू. गाणी, सिनेमे, घरचे फोटो, सगळं एका जागी. पलंगावरून रिमोट दाबायचा की झालं.

"म्हणजे काम बंद, नुसती करमणूक?" लाइटवालीने विचारलं.

"हो. रिटायर करायचं त्याला."

"नशीबवान आहे मेला. आम्हाला नाही कुणी असं केलं."

तिने नवऱ्याच्या बॅगेतून लेन्स झटकायचा मऊ ब्रश काढून दिला. लेकीने पंखा झाडला, मेमरीची पट्टी उपसून तिची पिवळी किनार खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा डबा नुसताच कण्हला. दुसऱ्यांदा दाबल्यावर पंखा घरघरला, दिवा लागला आणि पडद्यावर तारीख आली ती लेक शाळेत होती तेव्हाची.

"आतला सेल मेलाय," लेक म्हणाली. "त्याला वाटतंय अजून तेच साल आहे."

"बरं आहे त्याचं," लाइटवाली म्हणाली. "राहू दे तसंच."

लेकीने तारीख दुरुस्त केली. मग तिने सोबत आणलेल्या पेनड्राइव्हवरचा नवा प्रोग्रॅम चढवायला घेतला आणि सहज म्हणाली, "आता ही आतली डिस्क पुसून टाकते. कोरी पाटी."

"पुसायची नाही."

"अगं, लोकांची लग्नं आहेत त्यात! त्यातली निम्मी मोडलीसुद्धा असतील."

"मोडू देत. ह्यांचं काम तर मोडलेलं नाही ना?"

लेकीने आईकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर पांढरा पंचा होता, बाबांचं तोंड टिपायचा. हल्ली तो खांदा सोडत नसे. लेकीने वाद घातला नाही. आपल्या बॅगेतून एक छोटी नवी डिस्क काढली, टीव्हीला जोडायच्या तारेसोबत ती घेऊनच आली होती, आणि नवा प्रोग्रॅम तिच्यावर घातला. "जुनी तशीच ठेवते. ह्यातून फक्त वाचेल. पण खराब झालेल्या फाइली मात्र काढणार हं, उगाच अडगळ नको."

"खराब असेल ते काढ," लाइटवालीने सवलत दिली.

दुपारी तार टीव्हीच्या पाठीमागे खोचली आणि भिंत उजळली. लाइटवाली पाहतच राहिली. ज्या डब्यासमोर नवरा पाठीला कुबड येईस्तोवर वाकून बसायचा, त्यातलं सगळं आता भिंतभर मांडलं जात होतं. प्रोग्रॅम एकेक फाइल उघडत होता, तिच्या सुरुवातीचं एक चित्र उचलत होता आणि चौकटीत लावत होता. एक लग्न, दुसरं लग्न, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, कारखान्यातल्या फोरमनचा निरोप. ओळीमागून ओळी. बाजारात मांडणी करणारा दुकानदारही एवढ्या हौसेने माल मांडत नसेल.

"बघितलंत का अहो?" ती पलंगाकडे वळून म्हणाली. "तुमचं दुकान उघडलं परत."

तो छताकडे पाहत होता.

लेक रिमोटने खाली खाली जात राहिली. शेवटी एक फोल्डर आला. त्याचं नाव होतं 'किरकोळ'. तो उघडला आणि टीव्ही पांढरा झाला. पांढरी चौकट, शेजारी पांढरी चौकट, खाली पांढरी, त्याखाली पांढरी. जाईल तिथवर पांढरंच.

"हे बघ. सगळं कोरं," लेक म्हणाली. "ह्या फाइली गेल्या कामातून. जागा बरीच खातायत. काढते." सगळ्या चौकटी एकदम निवडल्या गेल्या, पुसायचं का असं यंत्राने विचारलं आणि लेकीचं बोट 'हो'वर गेलं.

"थांब!"

लाइटवाली टीव्हीच्या इतक्या जवळ गेली की नाक टेकायचं बाकी राहिलं. तिसऱ्या ओळीतल्या एका पांढऱ्या चौकटीला खालच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची टीप होती. वाकडी. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळा घातला होता, आणि घाईत वाकडी गेली होती. ती टीप कोणाची हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कोरं कुठलं! हा माझा रुमाल आहे."

"काय?"

"रुमाल गं. शूटिंग सुरू करण्याआधी कॅमेऱ्याला पांढरं दाखवावं लागतं. दरेक हॉलचा उजेड निराळा. कुठे पिवळा, कुठे हिरवट. मग कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा रे, ह्या उजेडात पांढरं म्हणजे हे. एकदा ते ओळखलं की बाकीचे रंग तो चुकत नाही." ती थांबली. "रुमाल मी धरायची. लाव बघू एक."

लेकीने बटण दाबलं. पांढरा पडदा किंचित हलला, कडेला दोन बोटं दिसली, आणि खोलीत आवाज आला.

"पांढरं दाखव. वर घे. अजून. हां."

लेकीच्या हातातला रिमोट तसाच राहिला. बाबांचा आवाज. खणखणीत, थोडा घाईतला, सर्दी झाल्यासारखा. झटका आल्यापासून ह्या घरात तो ऐकू आला नव्हता.

"खाली कर," आवाज म्हणाला. रुमाल खाली आला आणि त्यामागून एक चेहरा वर आला. कपाळावर घाम, एक बट सुटलेली, दिव्याच्या तापाने गाल लाल. पंचविशीची लाइटवाली भिंतभर होऊन स्वतःकडेच पाहत होती. कॅमेरा तिच्यावर थांबला. पांढरं ओळखण्यापुरता थांबायला हवा होता, त्याहून थोडा जास्तच. मग तुकडा संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला.

"पांढरं दाखव."

रुमाल खाली. चेहरा. पुन्हा पांढरं. पुन्हा चेहरा. केस आखूड, केस लांब, चष्मा नाही, चष्मा आहे. एका तुकड्यात ती पोट पुढे काढून भिंतीला टेकली होती. "ह्यात मी आहे?" लेकीने हळूच विचारलं. "आहेस. आणि लाथा मारतेयस," आई म्हणाली. एकात ती चिडलेली होती, कशावरून ते दोघांपैकी एकालाच माहीत आणि तो आता सांगू शकत नव्हता.

एका तुकड्यात रुमाल खाली आला तेव्हा डोळे सुजलेले होते. लाइटवालीने ओळखलं. तिची आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातलं लग्न. त्या दिवशी ती सबंध वेळ दिवा धरून उभी होती आणि मनात म्हणत होती, ह्या माणसाला नवरीच्या डोळ्यांतलं पाणी दिसतं, आपलं दिसत नाही. कॅमेरा त्या डोळ्यांवरच थांबला होता. मग टीव्हीतला आवाज अगदी हलकेच म्हणाला, "बसतेस का जरा?" टीव्हीतल्या बाईने मान हलवली. नाही.

तो प्रश्न त्याने विचारला होता हे ती विसरूनच गेली होती.

"कापलेलं कुणी ठेवतं का?" ती पुटपुटली. "फिल्म देताना हे कापूनच टाकायचं असतं. कॅसेटच्या काळातलंसुद्धा उतरवून घेतलंय बघ." तिला एकदम हसू फुटलं. "आणि नाव काय दिलंय, तर किरकोळ!"

चेहरे येत होते, जात होते. आकाशात एकदम सगळ्या चांदण्या दिसाव्यात तशा दोघी मान वर करून पाहत होत्या. केस पांढरे होत गेले. रुमाल मात्र तेवढाच पांढरा.

"आई," लेक कुजबुजली, "बाबांकडे बघ."

दोघींनी वळून पाहिलं. त्याची नजर छतावरून उतरून टीव्हीच्या दिशेला आली होती. पण चेहरा तसाच, पाटीसारखा. लेक थोडा वेळ वाट पाहून म्हणाली, "आवाज ऐकून वळले असतील गं. आवाज झाला की वळतात, तसं." तिच्या स्वरात वाद नव्हता. असता तर बरं झालं असतं.

लाइटवाली पलंगापाशी गेली, मग अर्धं पाऊल मागे सरली आणि एक पाऊल डावीकडे. खिडकीतलं ऊन कुठून येतं ते तिच्या गालाने ओळखलं. उजेड कसा घ्यायचा हे काही तिला शिकायचं नव्हतं. तिने खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हातांनी ताणून चेहऱ्यासमोर धरला. मागे टीव्हीतला आवाज म्हणाला, "वर घे. अजून. हां."

तिने पंचा खाली केला.

तो तिच्याकडे पाहत होता. दोन्ही डोळे उघडे, आणि त्यांत काही नव्हतं. बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग त्याची डावी पापणी थरथरली, अडली, आणि एखादं जड शटर ओढावं तशी सावकाश खाली आली. उजवा डोळा उघडाच राहिला. तिच्यावर.

"आई—" मागून लेक म्हणाली.

"हलू नकोस," ओठ न हलवता लाइटवाली म्हणाली. "घेतायत."