खाली न ठेवायचा प्याला

टिझियाना! हे नाव आओस्ताच्या बसथांब्यापासून माझ्या कानात शिरलं, आणि कुर्मायूर येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दर फेब्रुवारीत मी आणि लोरेदाना डोंगरातल्या गावांना जातो. बिस्किटांच्या कारखान्यात शेजारीशेजारी उभ्या राहून डबे भरायचो, तेव्हापासूनचा आमचा रिवाज. सगळं स्वस्तात. गावोगाव थांबणारी साधी बस, घरचा पाव न् चीज, चर्चच्या धर्मशाळेत दोघींत एक खोली. कुर्मायूरला बडे लोक हॉटेलात जेवतात. आम्ही समोरच्या बाकावरचा बर्फ झटकून पाव खातो आणि त्यांच्या टोप्यांना नावं ठेवतो. मला याहून जास्त सुख कधी लागलं नाही.

यंदा लोरे टोप्यांकडे बघतच नव्हती. फोनवरून फोटो पाठवत होती.

"कुणाला गं?"

"टिझियानाला. आमच्या गाण्याच्या मंडळातली. बिचारीने एवढा बर्फ कधी पाहिलाच नाही."

"मग पाहील की. बर्फ काय पळून चाललाय?"

"नीवेस, तू ना, अश्शी कुचकी आहेस!" ती हसली आणि परत फोनमध्ये डोकं.

कुचकी तर कुचकी. लोरेच्या नवऱ्याचासुद्धा मला कधी एवढा राग आला नव्हता. तो बापडा निदान घरी घोरत पडायचा, फोटो मागायचा नाही.

मी कोन्य गावाची वाट बघत होते. शेवटच्या संध्याकाळी तिथल्या रेमीच्या खानावळीत आम्ही मैत्रीचा प्याला पितो. बुटका, लाकडी, झाकणाचा, कडेला तोट्या. आत कडक कॉफी, दारू, साखर, संत्र्याची साल. आपल्या तोटीने घोट घ्यायचा आणि दुसरीच्या हातात द्यायचा. रिकामा होईपर्यंत टेबलावर टेकवायचा नाही. टेकवला की मैत्री तुटली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथे तरी आम्ही दोघीच असू, असं मी मनाला समजावत होते.

खानावळीचं दार उघडलं, तर आमच्या टेबलाशी लाल स्वेटर घालून एक बाई बसलेली.

"बघ, कोण आलंय!" लोरेने टाळ्याच वाजवल्या. "हीच टिझियाना!"

आयत्या बिळावर नागोबा! वर ती बया मला म्हणते, "तुम्ही खिडकीशी बसा हं. दारातल्या वाऱ्याने पाठ धरते ना तुमची? आणि ही बिस्किटं तुमच्यासाठी. बदामाची, जराशी करपलेली."

माझी पाठ, माझी करपलेली बिस्किटं! लोरेने हिच्यापुढे माझं काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. मी आभार न मानता बसले.

रेमीने प्याला आणला. आमचा नेहमीचा दोन तोट्यांचा नाही, मोठा, चार तोट्यांचा. लोरेने पहिला घोट घेतला आणि प्याला दिला तिला. मला नाही, तिला! तिने पिऊन हसत माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेतला, लोरेच्या डोळ्यांत बघितलं आणि ठक्कन टेबलावर ठेवला.

रेमीच्या हातातलं फडकं थांबलं. शेजारच्या म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला. टिझियाना तेवढी हसतच होती, तिला यातलं काय माहीत?

"नीवेस!" लोरे पांढरीफटक पडली. "हे काय केलंस?"

"तुटली, आणखी काय! तुला नवी मिळालीच आहे."

"अगं बावळट, माझ्यासाठी नाही आणली तिला!" लोरेचा आवाज फाटला. "तुझ्यासाठी आणली. ईस्टर झाला की मी लेकीकडे जर्मनीला चालले. कायमची. तिला जुळी झाली, तिच्या एकटीच्याने होत नाही. पुढच्या फेब्रुवारीत तू त्या बाकावर एकटी पाव चावत बसशील, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सांगायचं सांगायचं म्हणते, पण जीभच रेटत नाही."

तिची लेक. माझ्या मांडीवर वाढलेली पोर. त्या क्षणी मला तिचा असा हेवा वाटला, की त्यापुढे टिझियाना म्हणजे काहीच नाही.

टिझियानाने कोट उचलला. "मी निघते. बस मिळेल अजून."

"खाली बस," मी म्हणाले.

प्याला उचलला. कॉफी कोमट झाली होती, तरी माझ्या तोटीने घोट घेतला. मग मी तो टिझियानाच्या हातात दिला.

"घे. आणि नीट ऐक. संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही."

"ठेवला तर काय होतं?"

"ही बघ," मी लोरेकडे बोट दाखवलं. "ही जाते."