सुकुमारअण्णांच्या दारातला रांजण

सुकुमारअण्णांच्या दारातला रांजण दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. अंगणातल्या आडाचं पाणी, दोनपदरी फडक्यातून गाळलेलं. अण्णा जैन, न गाळलेल्या पाण्याचा थेंब त्यांच्या घरात कुणाच्या पोटात जात नसे. रानात जाणारा गडी असो की शेजारची रंगूबाई, तांब्या बुडवायचा, घटाघटा प्यायचं आणि पुढं चालू लागायचं. त्यात अण्णा साखर कारखान्यात केमिस्ट. मग काय, पाण्याच्या बाबतीत अख्ख्या गावाला त्यांचाच शब्द शेवटचा.

चौऱ्याण्णवच्या मार्चात कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्याचा बांध फुटला. काळंमिट्ट पाणी कृष्णेत गेलं, मासे उताणे होऊन काठाला लागले. गावाचा नळ नदीवरच. बाया मळ्यातल्या विहिरींवर रांगा लावू लागल्या, आणि कारखान्याच्या फाटकावर शिव्यांची लाखोली सुरू झाली. निवडणूक तोंडावर. चेअरमन लालासाहेबांची पाचावर धारण बसली.

आठव्या दिवशी त्यांची जीप अण्णांच्या दारात थांबली. उतरल्या उतरल्या त्यांनी रांजणातलं तांब्याभर पाणी ढोसलं, ड्रायव्हरकडून थर्मासही भरून घेतला.

"अण्णा, बांध घातला, धरणाचं पाणी सोडलं, नदी धुऊन निघाली. पुण्याहून तपासणीचा रिपोर्ट आलाय, पाणी चोख हाय. पण माझं कोण ऐकतंय? तुमी चार माणसांत घोटभर प्या."

"रिपोर्ट बघू का? न्हाईतर मीच एक बाटली तपासतो की."

लालासाहेबांनी अण्णांचा हात धरला. "वीस वर्षं भाऊ मानलं, आन् आज कागद मागताय व्हय?"

अण्णा ओशाळले. इथंच माती खाल्ली बघा या शहाण्या माणसानं! पोरीच्या लग्नात लालासाहेब स्वतः पंगतीत वाढायला उभे राहिले होते. त्यांच्यापुढं पुन्हा कागद मागायला अण्णांची जीभ रेटली नाही.

घाटावर पेपरवाले कॅमेरे घेऊन हजर होते. लालासाहेबांनी नदीत पेला बुडवला आणि "पहिला मान अण्णांचा" म्हणून पुढं केला. अण्णांनी सवयीनं खिशातलं फडकं काढलं, पाणी गाळलं आणि प्यायले. गावाला तेवढं पुरलं. पहिली घागर रंगूबाईनंच भरली. लालासाहेब मात्र हात जोडत जोडत जीपकडं गेले.

चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जुलाब, उलट्या. रंगूबाईची नात सलाईनवर. अण्णा स्वतःही दोन दिवस अंथरुणाला खिळले होते. आजारपणाच्या तिसऱ्या दिवशी राजमतीनं, त्यांच्या बायकोनं, पेपर आणून समोर धरला. फोटोत लालासाहेब दवाखान्यातल्या खाटांमधून केळी वाटत होते, डोळ्यांना रुमाल लावलेला. खाली छापलं होतं: केमिस्टनं चुकीचा निर्वाळा दिला, आमचीही फसवणूक झाली, त्याला निलंबित केलं आहे.

अण्णा तसेच उठले आणि कारखान्यावर गेले.

"तो पुण्याचा रिपोर्ट दाखवा."

"कसला रिपोर्ट?" लालासाहेबांनी मानही वर केली नाही. "केमिस्ट तुमी. पाणी तपासायचं काम तुमचं."

टेबलावर तोच थर्मास होता. अण्णांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घाटावर या माणसानं नदीचा थेंब तोंडाला लावला नव्हता.

"माझ्या दारचं पाणी पिऊन तुमी मला नदीवर नेलंत! ठाऊक होतं तुमास्नी!"

"हळू बोला," लालासाहेब म्हणाले. "माझं नाव गेलं असतं तर कारखाना बुडाला असता. तुमचं एकट्याचं गेलं. सांभाळून घ्या." आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

नोकरीचं अण्णांना काही वाटलं नाही. पण भाऊ म्हणून धरलेला तो हात आठवला की ते आपला हात पुन्हा पुन्हा धुवायचे.

दुसऱ्या दिवशी राजमतीनं नेहमीसारखं पाणी गाळून रांजण भरला. अण्णा उंबऱ्यात बसून राहिले. रानाकडं जाणारे गडी रस्त्याची पलीकडची कड धरून गेले. उन्हं चढल्यावर रंगूबाई नातीला दवाखान्यातून घेऊन आली. पोरीचे ओठ सुकले होते. तिनं रांजण बघितला आणि तांब्याकडं हात नेला.

"रंगूबाई, आडाचं हाय गं," अण्णा उठत म्हणाले.

रंगूबाईनं पोरीचा हात मागं ओढला. तिच्या तोंडून शिवी आली नाही, रागही दिसला नाही. "नगं बाळा," ती म्हणाली, "घरी पिऊ."

दिवस मावळताना राजमतीनं झाकण काढलं. रांजण सकाळी भरला होता तेवढाच होता.