पुण्यानुमोदनाचा तांदूळ

बा वारल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुंदरा सकाळच्या एसटीने खोपोलीहून निघाली आणि कशेळ्याला उतरून घरी आली. चप्पल काढण्याआधीच तिची नजर माळ्यावर गेली. पेंढ्याने आवळून बांधलेला भाताचा मुडा तिथे नव्हता.

"काका, मुडा कुठंय?"

बाचा धाकटा भाऊ काळूराम अंगणात चूल मांडत होता. "काल गिरणीतून काढून आणला. बघ जा, तांदूळ कसा पडलाय."

सुंदरा उंबऱ्याशीच बसली. चार वर्षांपूर्वी करपा रोगाने सारं शिवार वाळलं, तेव्हा बाच्या खाचरात तीन ठोंब हिरवे राहिले होते. बाने ते वेगळे कापले, वेगळे पेरले, दर साली रोगट रोप दिसलं की उपटून टाकलं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातले साहेब दोनदा येऊन बघून गेले. पाच किलो बियाणं द्या, यंदा चाचणीला लावतो, म्हणाले. खरं उतरलं असतं, तर करप्याच्या साली आसपासच्या गावांची कणगी रिकामी राहिली नसती. ते पाच किलो घेऊन सुंदरा उद्या कर्जतला जाणार होती.

"मी सांगितलं होतं ना, मुडा बाचा आहे, हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं व्हतंस. बाचा हाय, वेगळा ठेवा. ठेवला. आज बाचाच दिवस हाय. त्याच्या नावानं लोकान्ला हलका भात घालू व्हय?"

पंधरा वर्षं सुंदरा शाळेत शिकवत होती. न ऐकणाऱ्या पोरावर ओरडता येतं. भाऊ गेल्यापासून धड न जेवलेल्या माणसावर कसं ओरडायचं?

"ते बियाणं होतं, काका."

"दुसरं निवडू की."

"निवडायचा तो बा. तुम्ही त्याला हसायचात."

"मंग? माणूस खाचरात बसून रोपाशी बोलाया लागला तर हसू नको?"

पडवीत पुतळाकाकी आणि शेजारची चंद्राबाई तांदूळ निवडत होत्या. गिरणीत तूस न निघालेले भाताचे दाणे वेचायचे आणि अंगणात भिरकावायचे, असं सकाळपासून चाललं होतं. कोंबड्यांची चंगळ होती. बाचं चार वर्षांचं काम कोंबड्या टिपताहेत, हे सुंदरा बघत राहिली. मग एकदम उठली.

"काकी, ते दाणे टाकू नका. मला द्या."

"हे? ह्याचं काय करशील?"

"तूस शाबूत आहे. उगवतील."

"मास्तरीण झाली," चंद्राबाई म्हणाली, "आता कोंबड्यांच्या तोंडचं पन काढते." पण त्यानंतर तिने एक दाणा खाली पडू दिला नाही. उलट काकीचं सूप पुन्हा निवडायला घेतलं.

दुपारी बुद्धवंदना झाली, पंगत बसली. जो तो भाताची चव वाखाणत होता. सुंदराही जेवली. भात खरंच गोड होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

पाहुणे पांगल्यावर तिने कागदावर दाणे पसरले. फुटके काढून दोनशे अकरा उरले.

"रोपाची एकेक काडी लावायची, वीतभर अंतरानं," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत चारेक किलो होईल. एक साल फुकट गेलं, एवढंच."

"एकेक काडी? लोक येडा म्हनतील मला."

"म्हणू देत."

काळूरामने एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. "कोपऱ्यातलं खाचर नको," तो म्हणाला. "तिथं पानी तुंबतं. वरचं घेऊ. आनि रोपांसाठी राब मी भाजनार, माझ्या पद्धतीनं. तू पुस्तकातलं मधे बोलायचं नाय."

राबाबद्दल सुंदराला बरंच बोलायचं होतं. तिने दाण्यांची पुडी बांधली आणि काकाच्या हातात दिली.

मग तिने कर्जतच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं. बियाणं यंदा देता येत नाही, एक साल थांबावं, इथवर सरळ लिहून झालं. का थांबावं, ते कसं लिहायचं, हे मात्र तिला काही केल्या सुचेना.